धडा

मे महिना. रात्रीचे साडेनऊ झाले, तरी गच्चीची फरशी
अजून तळपायाला सोडत नाही.
कूलरच्या टाकीत, खसाच्या ताटीखाली,
चार बाटल्या माना वर काढून डुंबताहेत
म्हशींसारख्या.

वजनमापे खात्यात माझी एकतीस वर्षं गेली.
इतवारीतले तराजू, कळमन्याचे वजनकाटे,
रॉकेलची पोचे पडलेली लिटरं.
शिक्का मारण्याआधी एकच सांगायचे :
भाऊ, आधी धडा करा.
डबा वेगळा, तेल वेगळं.
डब्याचे पैसे गिऱ्हाईकानं काहून द्यावे?

म्हणून बाटलीही तोलून पाहते.
आतले साडेसातशे वजा, उरते ती काच.
जावयानं विमानतळावरून आणलेली फ्रान्सची,
बुडाला खोल खळगा, खांदे पहिलवानाचे :
काच नऊशे दहा ग्रॅम.
सदरच्या दुकानातली, दिंडोरीकडची, सातशे चाळीस रुपयांची :
काच चारशे वीस.
नोंदवहीत लिहिलं. शेऱ्याचा रकाना कोरा.

शार्डोनेशी माझं जुनं वाकडं.
साहेबांच्या निरोपाला, रामदासपेठेत,
कुणीतरी मोठ्या मानानं ओतली होती.
पहिल्याच घोटात लाकडाची वखार. वखारीवर लोणी.
लोण्यावर खोबऱ्याचा कीस.
यात द्राक्ष कुठं आहे, मी विचारलं,
गवळ्याला विचारायचे त्याच आवाजात.
पुढची वीस वर्षं तिचं नाव काढलं नाही.
ते सगळं पिंपाचं होतं, तिचं नव्हतं.
दुनियेला धडा करायला लावणारी मी,
त्या दिवशी डब्यासकट तोलून मोकळी झाले.

आज चौघं आहोत.
बाटल्यांना वर्तमानपत्र, वर सुतळी, स्केचपेननं आकडे.
ओतायचं काम सिरिलकडे. मोहननगरचा,
रेल्वेचा निवृत्त गार्ड,
घोट घेण्याआधी घड्याळ पाहतो अजून.
पराते मॅडमनी पुडाची वडी आणली, सांबार ठासून भरलेला.
ताकसांडे डॉक्टर नुसतेच हुंगतात. शुगर आहे.

एक नंबर : गार.
दोन नंबर : "हेही गारच हाय बा. बाकी काई समजून नाई राह्यलं."
तीन नंबर : मीठ लावलेला पेरू, यावर एकमत.
चार नंबर लाल होती, तिच्याकडं कुणी फार पाहिलं नाही.
पराते मॅडमनी सगळे मार्क आपल्याच वडीला दिले.

मग लाइट गेली.

अख्खं त्रिमूर्तीनगर काळं.
कूलर शेवटचा थेंब टाकून गप्प झाला.
पेले तसेच राहिले, विसरलेले, गच्चीच्या गरम कठड्यावर.
सिरिल काटोलचं सांगत होता :
मालगाडी सिग्नलला उभी, फेब्रुवारीतली रात्र,
ब्रेकव्हॅनचं दार उघडं,
आणि दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा फुललेल्या.
सिग्नल मिळाला, पण हिरवा दिवा दाखवायला
आपण अर्धा मिनिट उशीर केला, म्हणाला.
हे रजिस्टरमध्ये नाही.

पराते मॅडमनी अंधारात पेला उचलला.
"अहो, वास येतोय."
कसला?
"ह्याच्या फुलांचा. आत्ता सांगितला ना, त्याचा."

पेला कोमट व्हायच्या जरा अलीकडं आला होता
आणि त्यातून एकेक जण बाहेर पडत होतं :
फूल, मग साल, मग ओल्या दगडासारखं काही,
ज्याला माझ्याकडं शब्द नाही.
गारठवून आम्ही तिचं तोंड बांधलं होतं.

दुसऱ्यांदा मी ओतली. अंधारात कागद वाचता येत नाही,
पण हाताला वजन वाचता येतं.
हलकी होती.
मी काही बोलले नाही.

फ्रान्सचीही चांगलीच होती, खोटं काहून बोलू.
फक्त तिला उचलताना मनगटानंच आधी मुजरा केला होता,
आणि जिभेनं मनगटाचं ऐकलं.

शेरा : सरकारी भाषेत काही सुचलं नाही.
लिहिलं, काटोल. अर्धा मिनिट.

सकाळी भंगारवाला आला.
जड बाटलीचे पैसे जास्त मिळाले, अर्थात.
त्याचा काटा तीस ग्रॅम मारत होता.
पाहिलं,
आणि जाऊ दिलं.